टोमॅटोच्या पानातली प्रत्येक अळी नागअळी नसते

शिरोळ-हातकणंगले पट्ट्यातल्या टोमॅटोवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय: "पानावर पांढरे पट्टे दिसले म्हणजे नागअळी. ती पानातच राहते, फळाला काही करत नाही. मिठाचं पाणी फवारा, खराब पानं खुडून बांधावर टाका, एक कामगंध सापळा लावा, विषय संपला." या सल्ल्यानं उभा प्लॉट हातचा जातो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं म्हणजे पान उन्हाकडे धरून बघा. नागअळी ही माशीची पोर. तिची रेघ बारीक, नागमोडी. आतली अळी पिवळसर, बिनपायाची. पापुद्रा सुटल्यासारखा पसरट डाग असेल आणि आत काळी विष्ठा साचलेली दिसली, तर ती टुटा, म्हणजे पतंगाची अळी. मी बाभळीच्या काट्यानं पापुद्रा उचलून बघतो. टुटाच्या अळीला पाय असतात, डोक्यामागं काळी पट्टी असते, मोठी झाली की हिरव्या अंगावर गुलाबी झाक येते. बाहेर काढली की ती चालायला लागते.

'फळाला काही करत नाही' हे माशीच्या अळीपुरतं खरं आहे. टुटा देठाच्या टोपीखालून फळात शिरते. भोक टाचणीच्या टोकाएवढं. गेल्या उन्हाळी प्लॉटात मला ते तोडणीपर्यंत दिसलंच नाही. वरून लालबुंद फळ, कापलं की आत काळी भुयारं. क्रेटच्या क्रेट बाजूला काढावे लागले.

जुनी माणसं नागअळीचा अनुभव सांगतात तो खोटा नाही, पण तो दुसऱ्या किडीचा आहे. टुटा मूळची दक्षिण अमेरिकेतली. 2006 मध्ये स्पेनमध्ये पोचली, आपल्या महाराष्ट्रात 2014 मध्ये सापडली.

मिठाचं पाणी तर नकोच. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधे बसलेली असते, तिथं ते पोचत नाही. पानं मात्र करपतात. नुसत्या स्पर्शानं मारणाऱ्या औषधाचीही तीच गत. आणि लागू पडलं म्हणून एकच औषध दर आठवड्याला मारू नका. ब्राझील, इटली, ग्रीसमध्ये डायमाइड गटातल्या औषधांना टुटा दाद देईनाशी झाली आहे. गट बदलत राहा. उलट पट्टे खरंच नागअळीचे आणि थोडेच असतील, तर घाईनं जहाल फवारणी केली की तिला मारणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आधी मरतात आणि नागअळी जास्तच वाढते.

बांधावर टाकलेली पानं सगळ्यात महागात पडतात. पान सुकायला लागलं की अळी बाहेर पडते, मातीत कोष करते आणि पतंग होऊन परत तुमच्याच प्लॉटात येते. खुडलेली पानं, किडकी फळं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. प्लॉट संपला की झाडंही उपटून काढा, बांधावर ढीग लावू नका. धोत्रा, कामोणी यांच्यावरही ती जगते, त्यामुळं बांध स्वच्छ हवा.

राहिला कामगंध सापळा. त्यात मादीच्या वासाला भुलून फक्त नर सापडतात. एका सापळ्यानं सगळे नर संपत नाहीत. शेजारच्या रानातून मीलन झालेली मादी येऊन अंडी घालतेच. सापळा लावा, जरूर लावा, पण कीड कधी आली हे कळायला. रोज सकाळी पतंग मोजा, ल्यूर (सापळ्यातली वासाची गोळी) वेळेवर बदला, आणि आकडा वाढायला लागला की त्याच दिवशी पानं आणि देठाजवळची कोवळी फळं उलटून बघा.

मेसेज परत आला तर पाठवणाऱ्याकडं उन्हाकडे धरून काढलेला पानाचा फोटो मागा.