‘आधीच गृहीत धरता’ म्हणणाऱ्या वाचकास

महोदय,

फ्यूजन प्लाझ्माच्या, म्हणजे अणुकेंद्रकं जुळवून ऊर्जा मिळवण्यासाठी प्रचंड तापवलेल्या वायूच्या, मोजमापांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : “उत्तर आधीच गृहीत धरायचं आणि मग आकडे त्यात बसवायचे, हे विज्ञान नव्हे, अंदाजपंचे दाहोदरसे आहे. सोलापुरात बसून जर्मनीतल्या यंत्रांवर लिहिणाऱ्याकडून आणखी काय अपेक्षा करणार?”

लेख लांबलाय, हे तुमचं म्हणणं मान्य. ही भाषा मात्र मान्य नाही. सोलापूर मध्ये आणायचं कारणच काय? इथल्याच कॉलेजात मी अर्धं आयुष्य संख्याशास्त्र शिकवलंय. यंत्रमाग कामगारांची पोरं माझ्यासमोर बाकावर बसून बेझचा नियम, म्हणजे आधीचा अंदाज नव्या पुराव्याने सुधारायची रीत, शिकली. त्यांनाही शंका यायच्या, पण ती वही पुढे ओढून गणित करून बघायची. एका ओळीत कुणाला मोडीत काढायची नाहीत.

आता गृहीत धरण्याबद्दल. इंटरफेरोमीटर या उपकरणाचा किरण प्लाझ्मातून आरपार जातो, त्याच्या लहरीच्या कलेत (फेजमध्ये) फरक पडतो आणि त्यावरून वाटेतल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांची बेरीज मिळते. फक्त बेरीज! मधोमध घनता किती आणि कडेला किती, ते नाही. चादरींचा गठ्ठा काट्यावर ठेवला तर आतली कुठली चादर किती भरते ते कळतं का? एकाच बेरजेत बसणारी घनतेची चित्रं अगणित निघतात, त्यामुळे काहीतरी धरावंच लागतं. अशा बेरजांवरून घनता काढायच्या आबेलच्या ज्या ‘सरळ’ पद्धतीचे तुम्ही गोडवे गायलेत, तीही प्लाझ्माचा छेद सममित आहे असं धरूनच चालते. बेझच्या नियमावर चालणाऱ्या बेझियन पद्धतीत हे धरलेलं उघड मांडावं लागतं : घनता ऋण नसते, ती उगाच उड्या मारत नाही. (कडेला मात्र ती झपकन उतरते, म्हणून तिथे ही अट सैल सोडावी लागते.) हे आधी धरलेलं, म्हणजेच प्रायर, बदलून गणित पुन्हा करता येतं. उत्तर फार हललं, तर तिथे मोजमाप कमी आणि गृहीतक जास्त बोलतंय हे लगेच दिसतं.

आणि आकडे कुणी ‘बसवत’ नाही. म्युनिकजवळ गार्शिंगला आस्डेक्स अपग्रेड या फ्यूजन यंत्रावर इंटरफेरोमीटर, थॉमसन स्कॅटरिंग (इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेला लेसरचा प्रकाश), लिथियम बीम (लिथियमच्या अणूंचा झोत) अशी मोजमापं एकत्र सोडवतात. इंटरफेरोमीटरची मोजणी मध्येच लहरीच्या एका पूर्ण आवर्तनाने चुकली, तर बाकीची उपकरणं त्याच्याशी जुळेनाशी होतात आणि चूक पकडली जाते.

शंका जरूर घ्या. रशियाच्या टी-३ टोकामॅकमधल्या (टोकामॅक म्हणजे चुंबकी क्षेत्रात प्लाझ्मा कोंडणारं यंत्र) तापमानाच्या आकड्यांवर पाश्चात्त्यांचा विश्वास नव्हता, तेव्हा कलहॅमच्या प्रयोगशाळेतली ब्रिटिश मंडळी लेसर घेऊन मॉस्कोला गेली आणि १९६९ साली स्वतः मोजून आली. रशियनांचे आकडे खरे निघाले. त्या ब्रिटिशांनी मॉस्कोत बसणाऱ्यांची लायकी काढली नव्हती.

‘फ्यूजन कायम तीस वर्षं लांब’ आणि ‘सरकारी पैशांची उधळपट्टी’ या मुद्द्यांचा माझ्या लेखाशी संबंध नाही, ते सोडून देतो.

कोणता प्रायर खटकतो ते नेमकं लिहा. किंवा काहीही न धरता एका बेरजेतून घनतेचं एकच चित्र काढून दाखवा, मी ते जसंच्या तसं इथे लावेन. पुन्हा नुसतं ‘अंदाजपंचे’ लिहून पाठवलंत, तर ती प्रतिक्रिया प्रसिद्ध होणार नाही.