काकू, कॅमेरा आहे हो!

मला दमा नाही. झोपताना कुठलं मशीन लागत नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे. शनिवारी दुपारी ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, कासारवडवलीच्या अलीकडे, ज्या ज्या मंडळींनी माझ्याकडे बघून ‘च्च च्च’ केलं, त्यांनी कृपया नोंद घ्यावी. माझ्या हनुवटीवर जे होतं तो कॅमेरा होता.

कॅमेरा कशाला, तर पुरावा म्हणून. या रस्त्यावर दुचाकीवाल्याचं कुणी ऐकून घेत नाही. मागून ठोकलं तर ‘तुम्हीच ब्रेक मारला’, समोरून आडवं आलं तर ‘तुम्हीच जोरात होता’. भांडणात जो आधी ओरडेल तो खरा, आणि माझं ओरडणं हेल्मेटच्या आतच संपतं.

ऐरोलीचा माझा मेव्हणा यातला जाणकार. दर पावसाळ्यात माळशेजला जातो आणि धुक्याचं चित्रीकरण करून आणतो. त्यात धुक्यापलीकडे काहीही दिसत नाही, पण फोर-केमध्ये दिसत नाही. गोप्रो घ्यावा, डीजेआय घ्यावा की इन्स्टा३६०, यावर त्याने जेवढी चौकशी केली तेवढी बहिणीच्या लग्नाआधी माझीसुद्धा केली नव्हती. त्यानेच सांगितलं की फोर-के चित्र सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने साठवलं तर तासाला ४५ जीबी खातं. वर त्याने मला हा उद्योग सुरू झाला कसा तेही ऐकवलं. निक वुडमन नावाच्या लाटांवर स्वार होणाऱ्या गृहस्थाने २००२ साली गोप्रो काढली, २००४ साली पहिला कॅमेरा आला, तो मनगटाला बांधायचा आणि आत चक्क ३५ मिलिमीटरची फिल्म. आताचे बरेचसे १० मीटर खोल पाण्यातही चालतात. मला तेवढं पुरेसं होतं. जुलैत वंदना टॉकीजच्या बाजूने जायची वेळ येते कधीकधी.

कॅमेरा घेणं सोपं असतं. तो लावायचा कुठे, यात माणूस दमतो. हँडलवर लावला तर सिंगल सिलिंडरची सगळी थरथर चित्रात उतरते. छातीला पट्ट्यांनी बांधला तर निम्मं चित्र पेट्रोलच्या टाकीचं. हेल्मेटच्या टाळूवर लावला तर वारा मान मागे खेचतो, शिवाय सोसायटीतली पोरं हसतात. बाजूला लावला तर एका कानाला वजन, आणि मान वळवली की आपल्याआधी कॅमेरा रिक्षाला लागतो. उरली हनुवटी. तिथून हँडल दिसतं, रस्ता दिसतो, वजन मधोमध राहतं. जगभरचे बाइकवाले हनुवटीच सांगतात. जगभरच्या बाइकवाल्यांना काकू भेटत नाहीत.

माउंटकडून, म्हणजे कॅमेरा हेल्मेटला धरून ठेवणाऱ्या तुकड्याकडून, अपेक्षा तरी काय असाव्यात! खड्ड्याच्या गचक्याने तो सुटता कामा नये. पण आपण पडलो, तर मात्र त्याने लगेच तुटून बाजूला व्हावं, म्हणजे हेल्मेट रस्त्यावर अडकत नाही. यातला दुसरा भाग लीलया जमणारे बरेच लोक माझ्या ओळखीचे आहेत.

तो चिकटवायचा थ्रीएमच्या व्हीएचबी टेपने, म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या दणकट पट्टीने. साधारण घरातल्या तापमानाला २० मिनिटांत निम्मी पकड, २४ तासांत ९० टक्के आणि पूर्ण पकड यायला ७२ तास. हेल्मेट घरात एकच. म्हणजे तेवढे दिवस हेल्मेट टीव्हीशेजारी आडवं, आणि मी गाडी असून रिक्षाने. त्यात माजिवड्याला मीटरने यायला तयार होणारा रिक्षावाला शोधायचा म्हणजे… जाऊ दे. तो वेगळा विषय आहे आणि तो काढला की माझं बीपी वाढतं. बायको मात्र येता-जाता हेल्मेटकडे बघून “उठलं का ते?” विचारायची.

तर शनिवार. ऑक्टोबरचं ऊन. बेत एवढाच की गायमुखच्या चौपाटीपर्यंत जायचं, खाडी टिपायची, परत यायचं. कासारवडवलीच्या अलीकडे सगळं थांबलं. का थांबलं हे घोडबंदरला कुणी विचारत नाही. न्हावा-शेव्याहून गुजरातकडे निघालेले कंटेनर, डोक्यावर वडाळ्याहून निघालेली मेट्रो ४, खाली खोदकाम, आणि मध्ये आपण.

शेजारी एक अ‍ॅक्टिव्हा येऊन थांबली. पुढे काका. त्यांचं हेल्मेट पायापाशी, हुकाला, मेथीच्या पिशवीबरोबर अडकवलेलं. मेथी सुरक्षित होती. मागे काकू, दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर स्टीलचा डबा. त्यांनी आधी कॅमेरा पाहिला. मग कॅमेऱ्यातून निघून हेल्मेटच्या आत गेलेली काळी वायर पाहिली. ही वायर माइकची. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक वाऱ्याचा नुसता फडफडाट टिपतो, म्हणून दुसरा माइक गालाच्या गादीत खोचावा लागतो. काकूंच्या नजरेत त्या वायरची नळी झाली.

“केव्हापासून आहे हो?”

मला वाटलं, ट्रॅफिकचं विचारतायत. “अर्धा तास तरी झाला.”

“अगंबाई! आत्ताच सुरू झालं? आणि लगेच गाडी काढलीत?”

मी नुसता बघत राहिलो.

“अहो, बघा ना जरा,” हे काकांना. काका पुढे बघत होते. पुढे कंटेनरचं मागचं दार होतं. ते त्याच्याकडेच निष्ठेने बघत राहिले.

“माझ्या डोंबिवलीच्या जावेला अस्संच दिलंय,” काकू पुन्हा माझ्याकडे वळल्या. “नाकावर लावायचं, नळी असते, मशीन उशाशी. घोरणं पार गेलं तिचं. पण आता भावोजींना झोप लागत नाही. इतक्या वर्षांची सवय ना! तिला रात्रीपुरतंच आहे. तुम्हाला दिवसापण लावायला सांगितलंय म्हणजे जास्तच असणार.”

“काकू, कॅमेरा आहे तो.”

बंद हेल्मेटच्या आतून, डंपरच्या शेजारून बोललेलं वाक्य बाहेर कितपत पोचावं?

“कमरेलापण आहे?” काकूंचा हात डब्यावरून उठला तो थेट छातीशी. “अहो, ह्यांना कमरेलापण आहे!”

काकांनी कंटेनरचं दार अधिक बारकाईने पाहिलं.

मी काच वर केली. काच वर केल्याने डोळे तेवढे दिसतात, तोंड कठड्यामागेच राहतं. धुळीने डोळे लाल, भुवयांवरून घाम ओघळतोय. यात काकूंचं मत बदलण्यासारखं काही नव्हतं. “कॅ-मे-रा!” मी जोर लावून ओरडलो. तेवढ्यात डंपरने धूर सोडला आणि मला ठसका लागला.

“बोलू नका, अजिबात बोलू नका. दम जातो. अडुळशाचा रस घेता का? नाही ना? घ्या. आणि सकाळी येऊरला जाऊन चालत जा. इकडे राहूच नका हो. आमच्या बिल्डिंगमध्ये अर्ध्या लोकांना खोकला. सकाळी वाळत घातलेले कपडे संध्याकाळी परत धुवायला टाकायचे.”

या शेवटच्या वाक्यावर मी मनापासून मान हलवली. कॅमेराही हलला.

“ऑक्सिजनचा सिलिंडर कुठेय पण?” मागच्या बाइकवरच्या एकाने विचारलं.

“सीटखाली असेल,” त्याच्या मागे बसलेला म्हणाला. ज्या सीटखाली माझी कागदपत्रंसुद्धा घडी घालून बसवावी लागतात, तिच्याखाली!

“आणि तो लाल दिवा बघा ना, लुकलुकतोय,” काकू म्हणाल्या. “हवा संपत आली वाटतं.”

लाल दिवा म्हणजे चित्रीकरण चालू. पण इथे या यंत्रांचा एक स्वभाव सांगायला हवा. यांच्यात पंखा नसतो. ती वाऱ्याने थंड राहतात. गाडी पळत असली तर उत्तम, उन्हात एका जागी उभी राहिली की तापत जातात आणि जळू नये म्हणून आपली आपण बंद होतात. म्हणजे ज्याने हा बनवला त्याच्या डोळ्यांपुढे समुद्र होता, बर्फ होता, मोकळे डोंगर होते. कासारवडवली नव्हती.

कॅमेरा पिकपिकला. लाल दिवा गेला.

“बंद पडलं!” काकू अ‍ॅक्टिव्हावरून उतरल्याच. “अहो, मशीन बंद पडलं ह्यांचं! कुणीतरी बाजूला घ्या हो ह्यांना!”

यानंतर जे झालं त्याला लोक माणुसकी म्हणतात आणि तशी ती असेलही. एकाने माझ्या गाडीची चावी काढून घेतली, ‘सेफ्टीसाठी’. दुसऱ्याने पाण्याची बाटली कॅमेऱ्यावरून वळसा घालून माझ्या ओठांपर्यंत नेता येते का ते पाहिलं. ते पाणी शर्टावर गेलं. तिसरा माझ्या पाठीवर थापट्या मारायला लागला. आडवा आलेला टेम्पो, उलट्या दिशेने येणारी स्कूटर, यांना अडवायला या रस्त्यावर आजवर एक माणूस पुढे आलेला मी पाहिलेला नाही. माझी चावी काढायला तिघे.

मी हेल्मेट काढलं. एक श्वास घेतला. सगळ्यांना दिसेल असा घेतला.

“मावशी, कॅमेरा आहे तो,” शेजारचा रिक्षावाला शांतपणे म्हणाला. “ते यूट्यूबवाले असतात ना, त्यातले.”

झालं. गर्दीचा सगळा कळवळा जागच्या जागी आटला. चावी परत मिळाली, पण अशी, की मीच ती कुणाची तरी घेतली होती. “मग आधी सांगायचं ना,” बाटलीवाला म्हणाला. उरलेलं पाणी तो स्वतः प्यायला.

काकूंनी डोळे बारीक केले. “म्हणजे तुम्ही माझं शूटिंग घेतलंत?”

आणि तेव्हा काका पहिल्यांदा बोलले. “माझंपण आलं का त्यात?” उत्तराची वाट न बघता त्यांनी हुकावरचं हेल्मेट काढून डोक्यावर चढवलं. गळ्याखालच्या पट्ट्यात मेथीची एक काडी अडकली होती. ती तशीच ठेवून त्यांनी क्लिप लावली आणि पुन्हा कंटेनरकडे बघायला लागले.

काकू मात्र क्षणभर विचारात पडल्या. मग त्यांनी डबा काकांच्या पाठीमागे सीटवर ठेवला, पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला. “आलंच आहे तर नीट घ्या,” म्हणाल्या. “मी शाळेत इतिहास शिकवत होते. १६ एप्रिल १८५३. बोरीबंदर ते ठाणे, पहिली आगगाडी. हमखास यायचा हा प्रश्न. ती गाडी पोचली ठाण्याला. मी इथून ठाणे स्टेशनला वेळेत पोचत नाही. फ्लॅट घेताना बिल्डर म्हणाला, मेट्रो दाराशी येईल. दाराशी खांब आलाय. टँकर येतो, तो खड्ड्यात बसतो. मुलांच्या शाळेची बस येते, ती टँकरच्या मागे बसते. ह्यांना रात्री छातीत दुखलं होतं, तेव्हा अँब्युलन्स या इथेच उभी होती. इथेच. आवाज करत. कोण बाजूला होणार? जागा कुठे आहे? हे दाखवा. खाडी-बिडी काय दाखवता?”

खाडीबद्दल मी त्यांच्याशी एक अक्षर बोललो नव्हतो. बहुधा कॅमेरेवाले इथून खाडीच दाखवायला जातात, हे त्यांना माहीत असावं.

कॅमेरा केव्हाच बंद होता. मी सांगितलं नाही. हेल्मेट परत चढवलं आणि त्यांचं बोलून होईपर्यंत हनुवटी त्यांच्याकडे धरून उभा राहिलो. बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, “आणि तो रस खरंच घ्या, नुसता खोकला असला तरी चालतो.”

रस्ता सुटला. अ‍ॅक्टिव्हा पुढे गेली. मी गिअर टाकतोय तोच डावीकडून, जिथे सायकल मावणार नाही अशा फटीतून, एक टेम्पो घुसला आणि त्याच्या साखळीच्या कडीने माझा डावा आरसा मुळापासून उखडून नेला. मागे नंबरप्लेट होती, पण निम्मी चिखलाखाली. पुढच्या कोंडीत त्याला गाठला. खिडकीवर हात मारून आरसा दाखवला. तो हसला. माझ्या हनुवटीकडे बोट करून म्हणाला, “कॅमेरा आहे ना? दाखवा की त्यात.”

कॅमेरा हाताला भाजत होता.

रात्री मेव्हण्याने सगळं चित्रीकरण बघितलं. खाडी नाही, टेम्पो नाही. आहेत त्या काकू, जावेसकट, भावोजींच्या झोपेसकट, आणि आवाज इतका स्पष्ट की मेव्हण्याने दोनदा लावून ऐकला. “माइकचे पैसे वसूल झाले दाजी,” म्हणाला. टेम्पोचं सांगितलं तर म्हणे ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की बंद ठेवायचा, म्हणजे तापत नाही. मग घोडबंदरला चालू कधी करायचा? त्यावर त्याने खरंच विचार केला आणि सांगितलं, रात्री दोननंतर.

आरसा आणायला गेलो. दुकानदाराने खोकं पुढे सरकवलं. एकटा डावा येत नाही, जोडीच घ्यावी लागते. उजवा शाबूत आहे, म्हटलं, तो कशाला घेऊ?

“घ्या हो,” तो म्हणाला, “घोडबंदरलाच राहता ना?”