एक ब्रास गोटे आणि आबांची खुर्ची

रविवारी सकाळी पावणेआठला माझ्याच दारात माझीच गाडी रुतली. घाटात नाही, शेतात नाही, चक्क फाटकापासून पन्नास फुटांच्या आत. आमचं कुडाळजवळचं घर रस्त्यापेक्षा पाच फूट खाली आहे, त्यामुळे बाहेर पडायचं म्हणजे आधी चढ चढायचा. तर त्या चढावर मे महिन्यात मी हौसेने पांढरे, गोलमटोल, नदीतले गोटे पसरले होते. कारण? व्हिडिओ. रात्री अकरानंतर घर सजवण्याचे व्हिडिओ बघू नयेत, एवढंच म्हणतो.

स्टेशनवर मेहुणा उतरणार होता. मी पहिला गिअर टाकला, गाडी चार फूट गेली आणि मग मागची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली, गोटे उडून खळ्यातल्या तुळशीवर आपटायला लागले, मी घाबरून अजून रेस केली, आणि टायर अर्धा आत. पाऊस सुरूच. बायको ओटीवरून म्हणाली, "हळू." या सल्ल्याचा मला आयुष्यात कधीच उपयोग झालेला नाही.

आणि मग गडग्यापलीकडून आबा आले. शेजारचे. वय ऐंशीच्या आसपास, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात खुर्ची. प्लास्टिकची, लाल. कोणी रुतलंय म्हटल्यावर माणूस फावडं आणेल, फळी आणेल, निदान मोकळ्या हाताने तरी येईल. आबा खुर्ची घेऊन आले. पागोळ्या चुकवून ओटीच्या कडेला नीट मांडली, डुगडुगते का बघितलं, बसले, छत्री मिटली.

"आवाज इलो म्हणान बघूक इलंय," म्हणाले. "माका वाटला सकाळी सकाळी कोण चणे भाजता."

मी हसलो. काय करणार.

"ह्ये गोटे खंयसून हाडलास?"

मी सांगितलं.

"कितक्याक?"

मी आकडा थोडा कमी करून सांगितला. तरीसुद्धा आबांनी छत्रीची मूठ कपाळाला लावली. "अरे न्हंयत फुकट आसत ते! माका सांगलं असतास तर नातवाक पाठवलं असतंय." मग थोडा वेळ शांतता, फक्त पावसाचा आवाज, आणि मग निकाल: "ह्यो रस्तो नाय. ह्यो कॅरम बोर्ड आसा. फकस्त पावडर घालूची रवली."

तेवढ्यात त्यांचा नातू आला. मला वाटलं धक्का मारायला. तो आबांचा चहा घेऊन आला होता. एकच कप.

चहा पिता पिता आबांनी एक गोटा उचलला, उलटा सुलटा केला, आणि चप्पल काढून टाचेवर घासून बघितला. माझ्यासमोर! दोनदा घासला. "नाय," म्हणाले, "टाच घासूक पण उपयोगाचो नाय. गुळगुळीत." आणि ठेवून दिला. परत जागेवर ठेवला, फेकला नाही, कारण आबा सभ्य माणूस आहेत.

"खडयेक दात होये," मग समजावून सांगायला लागले. "एकान दुसऱ्याक चावून धरूक होया. ह्येंका दात खंय आसत? माझ्यासारखे बोळके सगळे." आणि खरंच तोंड उघडून दाखवलं.

वाईट वाटायचं कारण हे की म्हातारा शंभर टक्के बरोबर होता. क्रशरवर फोडलेली काळी खडी कोनेदार असते, वजन पडलं की तुकडे एकमेकांत अडकतात आणि हलत नाहीत. गोटे नदीने हजारो वर्षं घासून घासून गोल केलेले, ते अडकणार कशात? त्यात आमचा चढ दहाला एक. आणि मी शहाण्याने खाली काहीच घातलं नव्हतं, सरळ लाल मातीवर गोटे. जूनच्या पहिल्या पंधरा दिवसात निम्मे घरंगळत खळ्यात आले आणि उरलेले मातीने गिळले. खाली ४० एमएमची खडी दाबून घ्यायची, त्याच्याखाली ते जाड कापड अंथरायचं म्हणजे पाणी जातं पण चिखल वर येत नाही, वर २० एमएम, सांधे भरायला डस्ट म्हणजे क्रशरचा बारीक चुरा, दोन्ही बाजूंनी चिऱ्याची कड, आणि पाण्याला कडेने वाट. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी प्लास्टिकची जाळीही मिळते, तिच्या खणांमध्ये खडी भरली की चढावरून घसरत नाही. हे सगळं मला आता तोंडपाठ आहे. मे मध्ये मला फक्त रंग माहीत होता.

गणित मात्र मी स्वतः केलं होतं. ५० फूट लांब, ८ फूट रुंद, ३ इंच थर, म्हणजे १०० घनफूट, म्हणजे बरोब्बर एक ब्रास. गोट्यांची गाडी आली तेव्हा हौद्यात टेप टाकून मोजलं तर ८४ भरले. विचारलं तर गाडीवाला म्हणाला, "साहेब, वाटेत हलून बसतो माल." माल वाटेत बसतो हे खरं आहे हो. पण सोळा फूट बसतो? आणि बसतो तो नेहमी गिऱ्हाईकाच्याच बाजूने कसा बसतो? असो.

रस्त्याच्या कामांच्या बोर्डवर डब्लूबीएम, म्हणजे वॉटर बाउंड मॅकॅडम, असं लिहिलेलं असतं ना, त्यातला एम म्हणजे मॅकॅडम, आणि मॅकॅडम हा एक खराखुरा माणूस होता. जॉन लाउडन मॅकॅडम, स्कॉटलंडचा, १८३६ साली वारला. त्याचा दगडाच्या मापाचा नियम असा सांगतात की जो तोंडात मावत नाही तो रस्त्यात घालायचा नाही. माझे गोटे या परीक्षेत आरामात पास झाले असते. पण त्याला हवा होता फोडलेला दगड, दातवाला. म्हणजे जे दोनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमध्ये माहीत होतं आणि आमच्या गडग्यापलीकडे माहीत होतं, ते मधल्या मध्ये मलाच तेवढं कळलं नव्हतं.

पण एक सांगू का, राग आबांचा नाहीच आहे. राग याचा आहे की फाटकाबाहेर जो सार्वजनिक रस्ता आहे, त्यावर दर वर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी खडी ओततात, ना दाबत ना काही, आणि दसऱ्यापर्यंत ती गटारात गेलेली असते. दर वर्षी. तिथे किती स्कूटरवाले आडवे झाले. तिकडे कोणी खुर्ची टाकून बसत नाही. तिथे कोणी खडीचे दात तपासत नाही. मी माझ्या पैशाने पन्नास फूट चुकवले तर लगेच प्रेक्षक.

शेवटी गाडी कोणी काढली? टेम्पोवाल्याने. तोच, ज्याने मे महिन्यात मला "काळी घ्या, साहेब" म्हणून तीनदा सांगितलं होतं आणि ज्याला मी "तुम्हाला तुमचा माल खपवायचाय" असं ऐकवलं होतं. वरून चालला होता, थांबला, दोर बांधला, पाच मिनिटांत खेचली. मी पैसे पुढे केले तर घेतले नाहीत. "ऱ्हवांदे," म्हणाला, गोट्यांकडे एकदा बघितलं आणि गेला. घेतले असते तर मला बरं वाटलं असतं. ते त्यालाही माहीत होतं, असा माझा संशय आहे.

आणि मेहुणा? तो रिक्षा करून कधीच आला होता. फाटकात उभा राहून व्हिडिओ काढत होता. फॅमिली ग्रुपवर आहे, मी बघितलेला नाही, पण आवाजावरून कळतं कोणत्या ठिकाणी लोक परत परत लावतात.

काल पाऊस थोडा उघडला म्हणून दोन ब्रास काळी खडी मागवली. गोटे गोळा करायला तीन माणसं लावली, ते वेगळे पैसे. टेम्पो साडेनऊला येणार होता. सव्वानऊला गडग्यापलीकडून आबा आले, लाल खुर्ची घेऊन, आणि मागे त्यांचा कोणी मित्र, तो निळी घेऊन.