‘मोठा प्रकल्प म्हणजे बेझलच’ म्हणे!

बेळगावातल्या आमच्या सॉफ्टवेअरवाल्या ग्रुपांवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. विषय मेक आणि बेझल, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधायची (बिल्डची) साधनं. ‘मेक १९७६ सालचं, त्याचे दिवस संपले. ओपन सोर्स प्रकल्प मोठा असेल तर डोळे झाकून बेझल घ्या, गूगल वापरतं. बिल्ड आपोआप वेगवान होतो, बदलायला आठवडा पुरतो.’ टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत पोरं तो पुढं ढकलताहेत.

साल बरोबर आहे. स्टुअर्ट फेल्डमननं बेल लॅब्समध्ये मेक लिहिलं ते तेव्हाच. पण कोट्यवधी ओळींचं लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आजही जीएनयू मेकवरच (मेकचीच एक आवृत्ती) बांधतात. त्याहून मोठा प्रकल्प दाखवा की.

आता गूगल. बेझल २०१५ साली खुलं झालं. गूगलसारखा सगळा कोड एका रिपॉझिटरीत, म्हणजे एकाच कोठारात, आणि बिल्ड सांभाळायला पगारी माणसं असली की ते शोभतं. कुबरनेटीस (सर्व्हरांवर प्रोग्राम चालवणारी, सांभाळणारी प्रणाली) तर गूगलच्याच घरात जन्मलेलं. तिथं मेक आणि बेझल दोन्ही सांभाळता सांभाळता जड झालं आणि २०२१ साली बेझलच काढलं. मेसेजात हे नाही.

वेगाचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत एका भागाचं ड्रॉइंग बदललं तर तेवढाच पॅटर्न नवा करतात, बाकीचं कास्टिंग कोण वितळवतो? मेकही तेच करतं, बदललेलं तेवढंच पुन्हा बांधतं, पण फाइल कधी बदलली ती वेळ बघून. गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) शाखा, म्हणजे कोडची समांतर प्रत, बदलून परत आलात की वेळा बदललेल्या असतात आणि ते उगाच पुन्हा कंपाइल करत बसतं. एखादी हेडर फाइल (अनेक फाइलींत ओढली जाणारी सामाईक फाइल) मेकच्या नियमात लिहायची राहिली तर गुपचूप जुनंच ऑब्जेक्ट, म्हणजे आधी कंपाइल झालेला तुकडा, जोडतं. बेझल फाइलमधला मजकूर ताडतं, आणि न सांगितलेली फाइल सँडबॉक्समुळे (बाकीच्या फाइलींपासून तोडलेली बंद जागा) त्याला सापडतच नाही, म्हणून चूक तिथंच कळते. हे मला मान्य. पण ज्या वेगाची जाहिरात चाललीय तो येतो सामायिक कॅशमधून, म्हणजे इतरांनी आधी बांधलेले तुकडे साठवलेल्या जागेतून, आणि त्याचा सर्व्हर कुणीतरी पैसे भरून चालवावा लागतो. कॅश नसेल तर खानापुरात पावसाळ्यात लाइट जायच्या आत पहिला बिल्ड उरकायची धडपड करणाऱ्या पोराला सगळं शून्यापासूनच करावं लागणार.

‘आठवडा पुरतो’ हे तर हसण्यावारी न्यायचं. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पात ऑटोकॉन्फ आणि सीमेक ही दोन बिल्ड-साधनं वर्षानुवर्षं शेजारी नांदली. ऑटोकॉन्फ सुटलं २०१६ साली, ३.९ आवृत्तीत. केडीई हा लिनक्सवरचा डेस्कटॉप आधी एसकॉन्स नावाच्या तशाच साधनाच्या नादाला लागला, मग २००६ साली सीमेककडं वळला. पोस्टग्रेस या डेटाबेसनं २०२३ साली १६व्या आवृत्तीत मेसन हे आणखी एक बिल्ड-साधन आणलं, पण मेक काढलं नाही.

मेसेज लिहिणारा वितरणवाल्यांना, म्हणजे डेबियनसारखं तयार लिनक्स पॅकेजांसकट वाटणाऱ्यांना, तर विसरलाच. डेबियनमध्ये पॅकेज बांधताना नेट नसतं, आणि बेझलला लागणाऱ्या लायब्ऱ्या नेटवरून ओढायची सवय. ती मोडता येते, पण राबतो पॅकेज करणारा, तोही बहुतेक फुकट. सिस्टमडी, ग्नोम, क्यूईएमयू हे लिनक्सवरचे मोठे प्रकल्प मेसनकडं गेले. मेसनला पायथन आणि निंजा (बिल्डच्या आज्ञा चालवणारं छोटं साधन) एवढं असलं की भागतं, आणि ते दोन्ही डेबियनमध्ये आधीच आहेत.