‘आत टाका, आपोआप सुटतं’ म्हणणाऱ्यांना

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला नातेवाइकांच्या, शाळेच्या आणि वकिलांच्या ग्रुपवरही आला. थोडक्यात असा: ‘नशेडी पोरांना जेलमध्ये टाका. तिथं काही मिळत नाही, महिनाभरात नशा आपोआप सुटते. जेलात व्यसनमुक्ती, समुपदेशन, औषधं म्हणजे गुन्हेगारांचे लाड आणि आपल्या पैशांचा चुराडा. गोळी सोडवायला दुसरी गोळी कशाला? गळ्यात माळ घाला, भजन लावा. तसंही नशेडी सुधारत नसतो.’

2025 मध्ये तुळजापूरचं एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) प्रकरण बाहेर आलं, नंतर लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यात एमडीचा कारखानाच सापडला. तेव्हापासून लोक चिडले आहेत, आणि ती चीड खरी आहे. पण विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरची वकील म्हणून मी कच्च्या कैद्यांना भेटायला जाते. या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मी तिथं खोटं ठरताना पाहिलं आहे.

‘आपोआप सुटते.’

यावर मी जास्त बोलणार आहे, कारण इथंच माणसं दगावतात. मराठवाड्यातल्या एका कारागृहात एक पोरगा मोटारपंपाच्या चोरीत एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, होऊन आला. वीस-बावीस वर्षांचा. रोज हातभट्टी, सोबत ‘बटन’च्या गोळ्या. तिसऱ्या दिवशी मुलाखत करून त्याची आई थेट कोर्टात माझ्याकडे आली. म्हणाली, ‘मॅडम, लेकराचे हातपाय लटलट कापायलेत. भिंतीवर मुंग्या चालायल्यात म्हणतो. मला वळखंना झालाय.’ बराकीत सगळ्यांना वाटत होतं की पोरगा नाटक करतोय. त्याच रात्री त्याला फिट आली. मी दुपारीच अर्ज दिला होता, पण दवाखान्यात न्यायला पोलीस गार्ड मिळेपर्यंत आणखी एक दिवस गेला. तो वाचला, हे नशीब.

यात नाटक काहीच नव्हतं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास भ्रम, ताप, थरथर सुरू होते आणि उपचार नसेल तर जीव जातो. ‘बटन’ म्हणजे नायट्राझेपामची गोळी. तीही अचानक बंद झाली की फिट आणते. यावरचा उपाय काही महागडा नाही: आठवडाभर कमी कमी करत नेलेलं औषध, थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) आणि डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवणारा कंपाउंडर. आपल्या भागात खरा प्रश्न हेरॉइनपेक्षा दारूचा आणि गोळ्यांचा आहे. म्हणून कारागृहातले पहिले पाच दिवस हेच आपल्याकडचं सगळ्यात मोठं काम आहे.

‘आपोआप सुटते’ म्हणणारे सुटकेनंतरचं बघत नाहीत. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या तीस हजारांहून अधिक कैद्यांचा अभ्यास 2007 मध्ये छापून आला. बाहेर पडल्यावरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचं प्रमाण इतर लोकांच्या 12.7 पट होतं, आणि अमली पदार्थांच्या अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूचं 129 पट. आत असताना शरीराची सवय मोडते आणि बाहेर आल्यावर माणूस जुनाच डोस घेतो. नशेसाठी कोडीनचं, म्हणजे अफूवर्गीय औषध असलेलं खोकल्याचं सिरप पिणाऱ्या आपल्या पोरांनाही हे लागू आहे. सिरपवर दारू किंवा गोळी पडली, तर श्वास मंदावण्याचा धोका आणखी वाढतो.

‘तिथं काही मिळत नाही.’

मिळतं. चेंडूत भरून भिंतीवरून येतं, चपलेच्या तळव्यातून येतं, कोर्टाच्या तारखेहून परतताना येतं. झडती कडक हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण नुसत्या झडतीने काय होतं ते स्कॉटलंडमध्ये दिसलं. तिथं नशेच्या द्रवात भिजवलेल्या कागदावर पत्रं येऊ लागली, म्हणून डिसेंबर 2021 पासून कैद्यांना पत्राची झेरॉक्स द्यायला लागले. मग ड्रोन आले. मागणी आत शिल्लक असली की माल वाट काढतोच, आणि ती मागणी उपचारानेच कमी होते.

‘गोळी सोडवायला दुसरी गोळी कशाला?’

हेरॉइनसारखी अफूवर्गीय नशा सोडवायला देतात ती ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही औषधं 2005 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ब्युप्रेनॉर्फिन समोर उभं करून जिभेखाली देतात. ठरावीक मर्यादेपुढे त्याचा असर वाढत नाही. तलफ शमते, पण ‘किक’ बसत नाही. अमेरिकेतल्याच ऱ्होड आयलंड राज्याने 2016 मध्ये कारागृहात ही औषधं सुरू केली. त्या वर्षीच्या पहिल्या सहामाहीत नुकत्याच सुटलेल्यांपैकी 26 जण अतिमात्रेने गेले होते. पुढच्या वर्षी त्याच काळात 9. ही औषधं अफूवर्गीय नशेसाठीच आहेत, हेही सांगायला हवं. एमडीवर अशी पर्यायी गोळी नाही. तिथं समुपदेशन, झोप आणि सोबत देणारा माणूस लागतो, आणि नेमकं तेच ‘लाड’ म्हणून बंद करा म्हणतात.

‘गुन्हेगारांचे लाड.’

2022 अखेर देशातल्या कारागृहांत 5,73,220 माणसं होती, जागा 4,36,266 जणांची. त्यातले 75.8 टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. आणि कायदा काय म्हणतो? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था आजारातच मोजल्या आहेत. प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या दवाखान्यात मानसोपचाराची सोय असावी, असं कलम 103 सांगतं. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 64अ तर असं आहे की अल्प प्रमाणात माल सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य रुग्णालयात उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. संसदेने शिक्षेसोबत उपचाराचा रस्ताही ठेवला आहे. तो वापरा म्हणणं म्हणजे लाड नव्हे.

‘माळ घाला.’

माझ्या आजोबांनी माळ घालूनच दारू सोडली. माझ्या मनात त्या माळेबद्दल आदरच आहे. पण ज्याला भिंतीवर मुंग्या दिसतायत त्याला अभंग ऐकूच येत नाही. आधी शरीर थाऱ्यावर येऊ द्या, मग भजनी मंडळ न्या, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, म्हणजे दारू सोडायला एकमेकांना मदत करणाऱ्यांच्या गटाची सभा न्या. त्यांची कारागृहातली पहिली सभा 1942 मध्ये अमेरिकेतल्या सॅन क्वेंटिन कारागृहात भरली होती.

राहिलं ‘सुधारत नसतो.’ एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेल्या सदतीस जणांना आपण संधी दिलीच नाही. मग ते सुधारत नाहीत हे कुणी पाहिलं?

तुमच्या घरातल्या कुणाची आज एमसीआर झाली असेल आणि तो रोज पीत असेल, तर लाजू नका. किती पितो, कोणत्या गोळ्या घेतो, शेवटची कधी घेतली, हे एका कागदावर लिहून आजच वकिलाकडे द्या. त्याचा अर्ज कोर्टात आणि प्रत कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं. सुटकेची तारीख कळली की 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करून जवळचं केंद्र विचारून ठेवा, आणि त्या दिवशी गेटवर घरचं कुणीतरी उभं राहा.