खुलासा: हवेच्या स्प्रिंगने पिकअपची क्षमता वाढत नाही

‘मागे हवेच्या स्प्रिंग बसवा, मग ट्रेलरही ओढा आणि हौदाही भरा’ हा फिरणारा सल्ला चुकीचा आहे. स्प्रिंगने खाली बसलेली मागची बाजू उचलली जाते, इतकंच. ॲक्सल, टायर, ब्रेक तेच राहतात; कंपनीने ठरवलेली वजनमर्यादाही तीच.

ट्रॅव्हल ट्रेलरच्या (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या) वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या ट्रेलर-जोडणीवर येतो आणि तो पेलोडमध्येच, म्हणजे गाडीवर लादता येणाऱ्या एकूण वजनातच धरायचा. समजा पेलोड ७०० किलो, ट्रेलर २,७०० किलो: १२ टक्क्यांनी ३२४ गेले, माणसांचे २२५. उरले १५१. ड्रॉवर, हौदाचं झाकण, अवजारं (आणि खुद्द हिचचं वजन, जे हमखास विसरलं जातं) एवढ्यातच बसवायचं.

पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग सैल वाटत असेल, तर वजन विभागणारा हिच लावा. स्प्रिंगमध्ये कितीही हवा भरली तरी पुढच्या ॲक्सलवरून गेलेला भार परत येत नाही.