थॅचरबाईंचं अख्खं राज्य एका गावात
तुमच्या लेखात ‘लिटल ब्लाइटी ऑन द डाउन’ या विनोदी रेडिओ मालिकेचं नाव बघून मस्त वाटलं, बीबीसी रेडिओ फोरवर १९८८ ते ९२ लागायची, तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंचा अख्खा ब्रिटन एका खेड्यात कोंबलेला. आयडियाच भारी, कारण तिकडची पॅरिश कौन्सिल, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी, बाकडी, पायवाटा, दफनभूमी असली कामं बघणार आणि तिथं देश चालवायचा आव, निम्मं हसू तर तिथंच. त्यात १९९० ला इंग्लंडात पोल टॅक्स आला, माणशी ठरलेली रक्कम, मग बंगलेवाला असो की भाड्याच्या खोलीतली म्हातारी (गरिबांना सूट होती म्हणा), हे संसदेच्या भाषेत ऐकलं तर झोप येते पण गावच्या पारावर आणलं की लगेच कळतं कोणाच्या खिशात हात गेलाय. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाई पंतप्रधानपदावरून गेल्या, मालिका मात्र चालूच. रेकॉर्डिंग कुठं मिळेल का हो?